कमी बजेटमध्ये लॅपटॉप घेताना: जे नंतर बदलता येणार नाही ते आधी बघा

स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपनीने कुठे ना कुठे कात्री लावलेलीच असते. ती नेमकी कुठे लावली आहे, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे. कधी स्क्रीन हलक्या दर्जाची असते, कधी रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) कमी असते, कधी बॅटरी छोटी असते. कधी तर प्रोसेसरच इतका जुन्या बांधणीचा असतो, की नव्याकोऱ्या खोक्यातून चार-पाच वर्षांपूर्वीचं यंत्र बाहेर येतं. यातल्या काही उणिवा वर्षा-दोन वर्षांनी थोडे पैसे घालून भरून काढता येतात. काही मात्र लॅपटॉप मोडीत निघेपर्यंत सोबत राहतात.

निवड करताना मी हाच फरक सगळ्यात आधी बघतो. प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड आणि मदरबोर्डवर (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर) कायमची जोडलेली रॅम या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत, किंवा बदलायला गेलं तर तो खर्च परवडत नाही. त्यांच्यासाठी आज हात आखडता घेऊ नका. एसएसडीची (फाइल साठवणाऱ्या ड्राइव्हची) जागा, रॅमची दुसरी पट्टी, नवी बॅटरी या गोष्टी पुढे ढकलता येतात.

पायरी १: आधी कामांची यादी करा

रोज या लॅपटॉपवर काय काय उघडणार, ते लिहून काढा. ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब, व्हिडिओ कॉल, वर्ड-एक्सेल, हिशेब, ऑनलाइन अभ्यास, प्रोग्रामिंग शिकणं, एवढंच असेल तर बजेट लॅपटॉप निर्धास्त घ्या. ‘कधीतरी व्हिडिओ एडिटिंग शिकेन म्हणतो’ अशी कामं यादीत धरू नका; त्यांच्यापायी नुसतंच बजेट ताणलं जातं. उलट ४के व्हिडिओ, थ्रीडी किंवा मोठे गेम ही रोजची गरज असेल, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप कितीतरी जास्त काम देतो. तिथे लॅपटॉपचा हट्ट धरू नये असं मला मनापासून वाटतं.

यादीत आणखी दोन गोष्टी लिहा. एक, तुमच्या कॉलेजला किंवा ऑफिसला ठरावीक सॉफ्टवेअर लागतं का? अकाउंटिंगची, इंजिनीअरिंगची आणि ऑनलाइन परीक्षेची बरीच सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. दोन, लॅपटॉप रोज पाठीवर वागवायचा आहे की टेबलावरच राहणार आहे? रोज न्यायचा असेल तर १४ इंची बघा. १५.६ इंचीवर आकडे भरायला बाजूचा नंबर पॅड बहुतेक वेळा मिळतो, पण चार्जरसकट वजन खांद्याला जाणवतं.

पायरी २: प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘आय३’ किंवा ‘रायझन ५’ एवढंच असतं. त्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. त्यापुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर यांतच सगळी माहिती असते.

इंटेलचं उदाहरण घ्या. आय३-१११५जी४ हा ११व्या पिढीचा, त्यात २ कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग). आय३-१२१५यू हा १२व्या पिढीचा, त्यात ६ कोर: २ ताकदीचे आणि ४ कमी वीज खाणारे. दोन्ही ‘आय३’च, अंतर एकाच पिढीचं, पण एकाच वेळी चार कामं उघडली की फरक लगेच जाणवतो. त्यात आय३-एन३०५ नावाचा आणखी एक ‘आय३’ आहे. त्याचे आठही कोर कमी वीज खाणारे असतात. हलक्या कामाला तो चांगला आहे, पण १२१५यूच्या पंगतीत त्याला बसवू नका. सेलेरॉन एन४०२० सारखे २ कोरचे प्रोसेसर कितीही स्वस्त मिळाले तरी टाळा. २०२३पासून इंटेलने नव्या लॅपटॉप प्रोसेसरसाठी सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं बंद केली, त्यामुळे एन१००सारख्या प्रोसेसरवर आता नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ असं लिहिलेलं असतं. एन१००मध्ये ४ छोटे कोर असतात. टायपिंग, व्हिडिओ बघणं, थोडं ब्राउझिंग एवढ्याला तो पुरतो. रोजच्या ऑफिसकामासाठी मी तो सुचवणार नाही.

एएमडीच्या बाबतीत नंबर आणखी जपून वाचावा लागतो. रायझनच्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी पहिला आकडा मालिकेचं वर्ष सांगतो (७ म्हणजे २०२३) आणि तिसरा आकडा आतली बांधणी किती नवी आहे ते सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी शेजारी ठेवून बघा. नजर सहज फसेल, फरक एकाच आकड्याचा आहे. पण ७५२०यूमधला तिसरा आकडा २ म्हणजे झेन २ बांधणी, जी पहिल्यांदा २०१९मध्ये आली. त्यात ४ कोर असतात, ग्राफिक्स अगदी जेमतेम असतं आणि त्याच्यासोबत येणारी रॅम बोर्डवर पक्की जोडलेली असते. ७५३०यूमध्ये झेन ३ बांधणी, ६ कोर आणि त्यापेक्षा बरंच चांगलं ग्राफिक्स मिळतं. दोन्हींच्या किमतीत थोडाच फरक असेल तर विचार करत बसू नका, ७५३०यू घ्या.

शेवटचं अक्षर ‘यू’ असेल तर प्रोसेसर कमी वीज खाणारा, बॅटरीला साजेसा. ‘एच’ असेल तर ताकद जास्त, पण गरम होणं आणि पंख्याचा आवाजही जास्त. साध्या कामासाठी यू पुरेसा आहे.

किमान कुठे थांबावं असं विचाराल, तर इंटेलमध्ये आय३-१२१५यू आणि एएमडीमध्ये रायझन ५ ५५००यू ही माझी खालची रेघ. याच्या वरचं जे बजेटमध्ये बसेल ते उत्तम.

पायरी ३: रॅम किती, त्यापेक्षा रॅम कशी बसवली आहे

विंडोज ११ची कागदावरची किमान अट ४ जीबी रॅमची आहे. ४ जीबीत विंडोज सुरू होतं, हे खरं. पण ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र उघडलं की यंत्र गुदमरतं. ८ जीबी ही आजची किमान पातळी धरा. चार-पाच वर्षं वापरायचा विचार असेल तर १६ जीबी. बजेट लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते, तीही याच रॅममधून जाते. म्हणून ८ जीबीच्या यंत्रात प्रत्यक्ष वापरायला थोडी कमीच दिसते.

दुकानात किंवा माहितीपत्रकात विचारायचा खरा प्रश्न असा: रॅम बोर्डवर जोडलेली आहे की स्लॉटमध्ये (पट्टी बसवायच्या खाचेत)? तीन प्रकार दिसतात. काहींत सगळी रॅम बोर्डवर पक्की असते. माहितीपत्रकात ‘ऑनबोर्ड’, ‘सोल्डर्ड’ किंवा ‘एलपीडीडीआर’ असे शब्द दिसले तर बजेट लॅपटॉपमध्ये त्याचा अर्थ हाच. असा लॅपटॉप ८ जीबीचा असेल, तर तो कायमचा ८ जीबीचा. काहींत थोडी बोर्डवर असते आणि एक स्लॉट मोकळा असतो. हा मधला मार्ग चांगला आहे. आणि काहींत दोन्ही पट्ट्या स्लॉटमध्ये बसतात. कमी बजेटवाल्यासाठी याहून चांगलं काही नाही. आज ८ जीबीवर भागवायचं, पुढच्या वर्षी पट्टी वाढवायची.

स्लॉट मोकळा आहे का, हे विंडोजमध्ये अर्ध्या मिनिटात कळतं. टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’वर क्लिक करा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर ‘२ पैकी १’ अशा अर्थाचा आकडा दिसला, की एक जागा मोकळी आहे. मात्र काही लॅपटॉप बोर्डवरच्या रॅमलाही स्लॉट म्हणून मोजतात, त्यामुळे मॉडेलची माहिती एकदा ताडून बघा. ऑनलाइन घेत असाल तर लेनोवो, डेल, एचपी या कंपन्या आपापल्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका वेबसाइटवर मोफत ठेवतात. लॅपटॉप कसा उघडायचा आणि आत काय काय बदलता येतं, हे त्यात चित्रांसह असतं. ही पुस्तिका दहा मिनिटं चाळणं हे कितीतरी जाहिराती बघण्यापेक्षा कामाचं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. एकच ८ जीबीची पट्टी असते तेव्हा ग्राफिक्सला मेमरीचा निम्माच रस्ता मिळतो. इंटेलचे आयरिस एक्सई ग्राफिक्स असलेले लॅपटॉप एकाच पट्टीवर चालत असतील, तर विंडोजमध्ये ते साधं ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणून दिसतात. दुसरी पट्टी घातली की नाव आणि वेग, दोन्ही बदलतात. पट्टी घेताना डीडीआर४ की डीडीआर५ ते पाहून घ्या. एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

पायरी ४: स्टोरेज

‘ईएमएमसी’ असं लिहिलेलं दिसलं की पुढच्या लॅपटॉपकडे वळा. ही मेमरी बोर्डला जोडलेली असते, ५.१ प्रकारातही तिचा रस्ता सेकंदाला ४०० एमबीपर्यंतच जातो आणि बारीकसारीक फाइल एकदम उघडताना ती आणखी मागे पडते. त्यातही ६४ जीबीची ईएमएमसी म्हणजे कायमची डोकेदुखी. विंडोजनेच मोठा भाग व्यापलेला असतो, आणि मोठा अपडेट आला की जागेअभावी अडकून बसतो.

एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी हवी. जुन्या साटा प्रकारची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, साधी एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट पुढे. रोजच्या कामात दोन्हींतला फरक फारसा डोळ्यांत भरत नाही, पण जुन्या हार्ड डिस्कवरून यांपैकी कशावरही आलात तर यंत्र नवीन झाल्यासारखं वाटतं. २५६ जीबीवर सुरुवात करायला हरकत नाही, कारण ही गोष्ट नंतर बदलता येते. तेवढं दुरुस्ती-पुस्तिकेत बघा, की जागा ‘२२८०’ची आहे की ‘२२४२’ची. पहिले दोन आकडे रुंदी, पुढचे दोन लांबी, मिलिमीटरमध्ये. छोट्या जागेत लांब एसएसडी बसणार नाही. आणि ५१२ जीबी लिहिलेल्या ड्राइव्हवर विंडोज ४७६ दाखवत असेल तर घाबरू नका. कंपनी आणि विंडोज यांची मोजायची पद्धत वेगळी आहे, एवढंच.

पायरी ५: स्क्रीन डोळ्यांनी तपासा

माहितीपत्रकात १९२० बाय १०८० आणि आयपीएस असे दोन शब्द शोधा. १३६६ बाय ७६८ची स्क्रीन १४-१५ इंचांवर फार अपुरी पडते, एक्सेलच्या ओळी मावत नाहीत. जुन्या टीएन प्रकारची स्क्रीन ओळखायची सोपी खूण आहे: समोर पांढरं पान उघडा आणि झाकण हळूहळू मागे-पुढे करा. कोन थोडा बदलताच रंग काळवंडले किंवा उलटे दिसू लागले तर ती टीएन. आयपीएसमध्ये बाजूने बघितलं तरी चित्र जवळपास तसंच राहतं.

उजेडाचं माप निट्समध्ये देतात. २५० निट्स घरात किंवा ऑफिसात चालतात, खिडकीजवळ बसत असाल तर ३०० बघा. ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवते याचं माप) असं लिहिलेलं असेल तर रंग फिकट दिसणार हे गृहीत धरा. लिहिण्या-वाचण्याला त्याने बिघडत नाही, फोटोचं काम करणाऱ्याचं मात्र बिघडतं. १६:१० प्रमाणाची, म्हणजे १९२० बाय १२००ची स्क्रीन त्याच किमतीत मिळाली तर जरूर घ्या. वाचताना पानाचा जास्त भाग दिसतो.

पायरी ६: बॅटरी, कीबोर्ड आणि पोर्ट

बॅटरीचे ‘१० तासांपर्यंत’ वगैरे दावे सोडून द्या, वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते) बघा. हलक्या कामात असा लॅपटॉप साधारण ६ ते ८ वॉट खातो. म्हणजे ४२ वॉट-अवरच्या बॅटरीवर पाच ते सात तास, आणि व्हिडिओ कॉल असतील तर त्याहून कमी.

शक्य असेल तर त्याच मॉडेलवर दुकानात एक पूर्ण परिच्छेद टाइप करून बघा. कीबोर्डचा मधला भाग बोटांखाली दबत असेल तर तो लॅपटॉप नको. झाकण एका हाताने उघडा, बिजागरी कुरकुरते का ऐका. टाइप-सी पोर्ट आहे म्हणून त्यातून चार्जिंग होईलच असं नाही. ‘पॉवर डिलिव्हरी’ लिहिलं आहे का ते बघा. चार्जिंग टाइप-सीतून होत असेल तर पुढे चार्जर बिघडला तरी कुठलाही योग्य ताकदीचा चार्जर चालतो.

पायरी ७: ऑपरेटिंग सिस्टिम

विंडोज १०चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालणारंच यंत्र घ्या. इंटेलमध्ये साधारण ८व्या पिढीपासून पुढे आणि एएमडीच्या लॅपटॉपमध्ये रायझन ३००० मालिकेपासून पुढे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत आहेत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ‘एस मोड’मधला विंडोज असेल तर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालतात. तो मोड मोफत काढता येतो, पण एकदा काढला की परत लावता येत नाही. सोबत आलेलं ऑफिस कायमचं आहे की काही दिवसांच्या चाचणीचं, तेही विचारा. चाचणीचं असेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे आणि बहुतेकांना पुरतं.

सगळं काम ब्राउझरमध्येच होत असेल तर क्रोमबुकचा (गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपचा) विचार करा. २०२१पासून आलेल्या मॉडेलना दहा वर्षं आपोआप अपडेट मिळतात. ही दहा वर्षं त्या मॉडेलची बांधणी बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. म्हणून सवलतीतलं जुनं क्रोमबुक घेताना त्याची अपडेट संपायची तारीख आधी शोधा.

पायरी ८: नवा की रिफर्बिश्ड (तपासून, दुरुस्त करून विकलेला जुना)

बजेट फारच कमी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नव्या सेलेरॉनपेक्षा चांगल्या स्थितीतला जुना बिझनेस लॅपटॉप बरा. लेनोवो थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ ही २०१८च्या आसपासची यंत्रं. मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेली, त्यामुळे शरीर भक्कम, कीबोर्ड उत्तम आणि रॅम व एसएसडी दोन्ही बदलता येतात. यांत बहुतेक वेळा ८व्या पिढीचा, ४ कोरचा आय५-८२५०यू किंवा त्याचे भाऊबंद असतात, आणि ते विंडोज ११च्या यादीत बसतात. मात्र असं यंत्र आणखी तीन-चार वर्षांच्या हिशेबानेच घ्या.

जुनं यंत्र घेताना तीन तपासण्या चुकवू नका. पहिली, सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बघा. पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. दुसरी, विंडोज रीसेट करून नव्याने सुरू करायला लावा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. आज कसंबसं सुरू करून दिलं तरी पुढच्या रीसेटला पुन्हा अडकेल.

तिसरी तपासणी बॅटरीची. कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘पॉवर’ या शब्दाला जोडून सी, एफ, जी ही इंग्रजी अक्षरं टाइप करा, एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असा अखंड शब्द लिहून एंटर दाबा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. पहिला आकडा ५०,००० आणि दुसरा ३१,००० असेल तर बॅटरी ६२ टक्क्यांवर आली आहे. अशा वेळी नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच सौदा ठरवा. टी४८०मध्ये दोन बॅटऱ्या असतात, दोन्हींचे आकडे बघा.

पायरी ९: घरी आल्यावर

नवा असो वा जुना, परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते आधीच विचारून ठेवा आणि त्या मुदतीतच यंत्राला राबवून घ्या. पूर्ण स्क्रीनवर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग आणून डेड पिक्सेल (बिघडलेले, रंग न बदलणारे ठिपके) शोधा. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी लावून बघा. कॅमेरा, माइक आणि दोन्ही बाजूंचे स्पीकर तपासा. वायफाय राउटरपासून लांबच्या खोलीत चालवा. रात्री झाकण मिटून ठेवा आणि सकाळी बॅटरी किती उतरली ते बघा. एका रात्रीत ती निम्म्यावर आली तर काहीतरी गडबड आहे. कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून मोजली आहे तेही पाहा. यंत्र दुकानात बराच काळ पडून असेल तर कधी कधी वॉरंटी आधीच सुरू झालेली असते. बिल दाखवून तारीख दुरुस्त करून घेता येते, पण ते लगेच करा.

शेवटचं एक काम जवळजवळ सगळेच विसरतात. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे आतला डेटा कुलूपबंद होतो. पुढे कधी बायोस अपडेट झाला किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, तर सुरू होताना यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर आतला डेटा कुणालाच काढता येत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉग-इन करून ही की शोधा आणि लॅपटॉपच्या बाहेर, कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणात लिहून ठेवा.